झोपाळ्याच्या कड्यांना टांगलेल्या लाकडी रिंगा : एका नवशिक्या वापरकर्तीचा आठ महिन्यांचा अनुभव

नाशिकमध्ये पहाटे व्यायामासाठी घराबाहेर पडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या गोल्फ क्लबवर, उजाडण्याआधीच चालणाऱ्यांची वर्दळ सुरू होते, पांडवलेण्यांच्या पायऱ्या नेमाने चढणारे लोक आहेत आणि २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा पूर्ण केली, तेव्हापासून तर सायकल हा या गावाच्या अभिमानाचा विषय झाला आहे. मात्र चालणे, चढणे आणि सायकल या तिन्हींत पायच काम करतात. मी स्वतः अकरा वर्षे नियमित चालत होते, एका दमात पांडवलेणी चढत होते, आणि तरीही वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आईला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवताना माझे दंड थरथरत होते. जमिनीवर पालथे पडून एक जोर काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा छाती जमिनीवरून वर आलीच नाही. त्या दिवसापासून मी हात, खांदे आणि पाठ यांच्या ताकदीसाठी घरच्या घरी, अगदी पहिल्या पायरीपासून काय करता येईल, याचा शोध सुरू केला. त्यातून जे साधन माझ्या हाती आले आणि टिकले, त्याविषयी मी येथे लिहीत आहे.

ते साधन म्हणजे जिम्नॅस्टिक्सच्या लाकडी रिंगांची जोडी. पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये रिंगा हा स्वतंत्र प्रकार आहे, १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्येही तो होता, आणि त्यामुळे रिंगा म्हटले की हात आडवे पसरून हवेत स्थिर राहिलेला पिळदार खेळाडू डोळ्यांसमोर येतो. हे चित्रच नवशिक्यांना या साधनापासून दूर ठेवते, असे मला आता वाटते. ज्यांना अजून एक जोरही निघत नाही, त्यांना या रिंगा फार उपयोगी पडतात. तसे का, हे पुढे सविस्तर सांगते. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण याच मापाच्या जोड्या निरनिराळ्या नावांनी बाजारात मिळतात आणि मला जे सांगायचे आहे ते मापे, पट्टे आणि वापर यांच्याविषयी आहे.

आधी थोडे पर्यायांबद्दल. दाराच्या चौकटीत पिळून बसवायचा लोखंडी बार मी सर्वांत आधी आणला होता. आमच्याकडच्या बहुतेक फ्लॅटप्रमाणे माझ्याही घरी चौकटीला गुळगुळीत ग्रॅनाइट आहे, आणि हा बार केवळ दोन्ही टोकांच्या दाबावर उभा असतो. दुसऱ्याच आठवड्यात तो एका बाजूने घसरला. पाय जमिनीला टेकलेले होते म्हणून दुखापत टळली. चौकटीवर अडकवायचा दुसरा प्रकार मिळतो, पण त्यासाठी चौकटीला बाहेर आलेली भक्कम लाकडी पट्टी लागते आणि ती आपल्याकडच्या नव्या बांधकामांत सहसा नसते. जिमचा एक महिनाही झाला. यंत्रांबद्दल माझी तक्रार नाही. पण आईला घरी एकटे ठेवून तासभर बाहेर राहणे मला शक्य नव्हते.

केवळ जमीन पुरेशी का नाही, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला, आणि तो योग्यही आहे. जोर आणि सूर्यनमस्कार यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. समर्थ रामदासांनी इथल्याच टाकळीला बारा वर्षे तपश्चर्या केली आणि त्या काळात ते रोज सूर्यनमस्कार घालत, असे परंपरेने सांगितले जाते. परंतु जमिनीवरचे हे सारे व्यायाम ढकलण्याचे आहेत. त्यांत छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाच्या मागचा ट्रायसेप्स हा स्नायू काम करतो. ओढण्याचे काम करणारे पाठीचे रुंद स्नायू, दोन खांद्यांच्या फळ्यांमधले स्नायू आणि दंडाच्या पुढचा बायसेप्स यांना जमीन फारसे काही देऊ शकत नाही, कारण ओढण्यासाठी हाताने धरायला काहीतरी लागते. आपल्या पूर्वजांनी त्यावरही उपाय शोधला होता. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, आणि वणीच्या सप्तशृंगगडावर त्यांना या विद्येची प्रेरणा मिळाली, अशी आख्यायिका आपल्याच जिल्ह्यात सांगितली जाते. दोरीचा मल्लखांब मुली किती सहज करतात, हे मी पाहिले आहे. पण तिथे पहिल्याच दिवशी शरीराचा संपूर्ण भार हातांवर आणि पायांच्या पकडीवर घ्यावा लागतो, आणि सेहेचाळीस वर्षांच्या अननुभवी खांद्यांना ती सुरुवात झेपणारी नाही.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळते. महात्मा गांधी रस्त्याजवळच्या क्रीडासाहित्याच्या एका दुकानातून गेल्या जूनमध्ये ही जोडी मी २,२५० रुपयांना घेतली. खोक्यात दोन रिंगा, साडेचार मीटर लांबीचे दोन नायलॉनचे पट्टे आणि पट्ट्यांना शिवलेली दात्यांची दोन बकले एवढेच होते. रिंगा बर्च लाकडाच्या पातळ थरांच्या आहेत, आतला व्यास १८ सेंमी आणि जाडी २८ मिमी, म्हणजे स्पर्धेच्या मापाच्या. दुकानात ३२ मिमी जाडीची जोडीही होती आणि दुकानदारांनी दोन्ही हातात घेऊन पाहायला सांगितले, “ताई, बोटे अंगठ्यापर्यंत येतात का ते बघा.” ही सूचना मोलाची होती. माझा तळवा लहान आहे. ३२ मिमीच्या रिंगेवर अंगठा मधल्या बोटाला टेकत नव्हता, २८ मिमीवर टेकला. चार मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण लोंबकळताना सर्वांत आधी पकड थकते, आणि पकड थकली की पाठीला व्यायाम मिळायच्या आतच हात सुटतात. ज्यांचे हात मोठे आहेत त्यांना जाड रिंग सुखाची वाटेल. स्त्रियांनी आणि किशोरवयीन मुलांनी मात्र २८ मिमीच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

लाकूड की प्लॅस्टिक, हा प्रश्न दुकानात हमखास येतो. प्लॅस्टिकची जोडी बरीच स्वस्त होती आणि पावसात भिजली तरी तिचे काही बिघडत नाही. परंतु घामेजलेल्या तळव्याखाली प्लॅस्टिक निसटते, तर लाकूड थोडा घाम शोषून घेते. जानेवारीत, जेव्हा आमच्याकडे पहाटे हुडहुडी भरते, तेव्हा लोखंडी दांडा हातात धरवत नाही. लाकूड मात्र धरवते. पावसाळ्यात रिंगांना किंचित दमट वास येऊ लागला होता. त्या उन्हात न ठेवता पंख्याखाली वाळवल्या आणि वास गेला. बकलांवर ऑगस्टमध्ये गंजाचे बारीक ठिपके दिसले. ते पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब खटक्याच्या सांध्यात सोडला, दात्यांना मात्र तेल लागू दिले नाही, कारण दाते बुळबुळीत झाले तर पट्टा सरकेल.

रिंगा टांगायच्या कुठे, हा या खरेदीतला सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि पैसे देण्याआधी त्याचे उत्तर तयार असले पाहिजे. पंख्याच्या हुकाला रिंगा कधीही टांगू नयेत. तो हुक माणसाच्या हेलकावणाऱ्या भारासाठी नसतो. मराठी घरांत मात्र यासाठी एक उत्तम सोय पूर्वीपासून आहे, ती म्हणजे झोपाळ्याच्या कड्या. जुन्या नाशकातल्या वाड्यांत ओटीवर झोपाळा असायचाच. आमचा फ्लॅट वीस वर्षांपूर्वीचा असला तरी वडिलांनी बांधकाम चालू असतानाच स्लॅबच्या गजांत अडकवून चार कड्या बसवून घेतल्या होत्या. त्या झोपाळ्यावर तीन मोठी माणसे इतकी वर्षे बसत आली आहेत, त्यामुळे माझ्या ६१ किलोंची त्या कड्यांना काळजी नव्हती. तरीही त्या झिजल्या आहेत का, हे शिडीवर चढून पाहिले आणि पहिल्या दिवशी गव्हाच्या तीस किलोंच्या दोन गोण्या टांगून अर्धा तास ठेवल्या. ज्यांच्या घरी नव्याने कडी बसवायची आहे त्यांनी ती तुळईत बसवावी, आणि काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्यावे.

येथे माझी एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. झोपाळ्याच्या लांबीच्या दिशेने दोन कड्यांमध्ये साडेचार फुटांचे अंतर आहे, आणि मी सवयीने त्याच दोन कड्यांना रिंगा टांगल्या. महिनाभर मला वाटत होते की माझ्यातच बळ नाही, कारण रिंगांवर हात टेकून उभे राहताच दोन्ही पट्टे बाहेरच्या बाजूला ओढले जात आणि हात फाकत. स्पर्धेत दोन रिंगांमधले अंतर ५० सेंमी असते, हे वाचल्यावर फीत घेऊन मोजले, तेव्हा झोपाळ्याच्या रुंदीच्या दिशेने असलेल्या दोन कड्यांमधले अंतर ५२ सेंमी निघाले. दिशा काटकोनात बदलली आणि त्याच सकाळी रिंगा हाताखाली स्थिर राहिल्या. ज्यांचा झोपाळा दोनच कड्यांचा आहे त्यांना ओढण्याचे व्यायाम करता येतील. हात टेकून शरीर तोलण्याचे व्यायाम मात्र त्यांनी त्या कड्यांवर करू नयेत.

नवशिक्यासाठी रिंगांचे खरे मोल त्यांच्या पट्ट्यांत आहे, हे मला वापरातून कळत गेले. पट्ट्यावर दर ५ सेंमीला आकडा छापलेला आहे. पट्टा कडीतून आणि रिंगेतून दुहेरी जात असल्यामुळे तो ५ सेंमी सोडला की रिंग अडीच सेंमी, म्हणजे साधारण एक इंच खाली येते. आकडा जितका मोठा, तितकी रिंग खाली. डंबेल वापरताना दोन किलोंवरून एकदम तीन किलोंवर जावे लागते. येथे पायरी एका इंचाची आहे, आणि पाय पुढे-मागे सरकवून तीही आणखी लहान करता येते.

ओढण्याचा मूळ व्यायाम असा. रिंगा छातीच्या उंचीवर, माझ्या बाबतीत ६२ व्या आकड्यावर, बांधायच्या. त्या धरून टाचा थोड्या पुढे टेकवायच्या, शरीर डोक्यापासून टाचेपर्यंत फळीसारखे सरळ ठेवून मागे झुकायचे, आणि कोपरे बरगड्यांजवळून मागे नेत छाती रिंगांपर्यंत आणायची. जवळजवळ उभ्याने केले तर हातांवर फारच थोडा भार येतो. पाय जसजसे पुढे सरकतात आणि शरीर आडवे होत जाते, तसतसा भार वाढत जातो. माझ्या दिवाणखान्यातली फरशी दोन फुटी आहे. मी तिच्या जोडरेषेपासून दर चार इंचांवर पेन्सिलीने खूण केली आणि नियम ठरवला : आठ-आठच्या तीन फेऱ्यांपासून सुरुवात करायची, प्रत्येक वेळी छातीपाशी दोन सेकंद थांबता आले पाहिजे, आणि बारा-बाराच्या तीन फेऱ्या सलग दोन दिवशी नीट झाल्या तरच टाच पुढच्या खुणेवर न्यायची. जूनमध्ये टाच पहिल्या खुणेवर होती. फेब्रुवारीत ती अकराव्या खुणेवर आहे, रिंगा ७० व्या आकड्यावर उतरल्या आहेत आणि शरीर जमिनीशी जवळपास समांतर असते. या आठ महिन्यांत असा एकही दिवस आला नाही की पुढची पायरी माझ्या आवाक्याबाहेरची वाटली, आणि या साधनाची याहून मोठी प्रशंसा मला करता येणार नाही.

आणखी एक गुण येथेच नोंदवते. रिंगा मोकळ्या फिरतात. ओढताना तळवे सुरुवातीला समोरासमोर असतात आणि शेवटी सहज वरच्या दिशेला वळतात. मनगट आणि कोपर यांना जी वाट सोयीची, ती त्यांना मिळते. दारातल्या सरळ बारवर माझे डावे मनगट दुखत असे. ते येथे एकदाही दुखले नाही.

ढकलण्याच्या व्यायामाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. रिंगांवर जोर काढणे हे जमिनीवरच्या जोरापेक्षा अवघड आहे, कारण हाताखालचा आधार हलतो आणि तो स्थिर ठेवण्यातच अर्धी शक्ती खर्ची पडते. म्हणून पहिले तीन-चार महिने नवशिक्यांनी रिंगांना जोरांसाठी हात लावू नये. त्यासाठी स्वयंपाकघरातला ओटा अधिक चांगला. घरच्या वजनकाट्यावर दोन्ही हात टेकवून मी स्वतःचे मोजमाप केले होते. पूर्ण जोराच्या स्थितीत काट्यावर ३९ किलो दिसले, म्हणजे माझ्या वजनाचे सुमारे ६४ टक्के, आणि सर्वसाधारणपणे हेच प्रमाण मानले जाते. गुडघे टेकवून ३० किलो, आणि दोन फूट उंच बाकावर काटा ठेवून २५ किलो. ओट्याची उंची त्याहून अधिक असल्यामुळे भार आणखी कमी होतो. ही आकडेवारी पाहिल्यावर, मला एकही जोर का निघत नव्हता, हे लख्ख कळले. जिने कधी दहा किलोंची पिशवीही छातीपासून दूर ढकलली नव्हती, ती पहिल्याच दिवशी ३९ किलो ढकलू पाहत होती.

त्यानंतरचा क्रम ओटा, मग जेवणाच्या टेबलाचा बाक, मग दिवाण, मग दाराबाहेरच्या जिन्याची दुसरी आणि पहिली पायरी, असा ठेवला. गुडघे टेकवून जोर काढण्याची पद्धत मी मुद्दाम टाळली. त्यात कंबर आणि पोट यांना शरीर सरळ धरण्याची सवय लागत नाही, आणि गुडघे उचलले की भार एकदम तीसवरून एकोणचाळीस किलोंवर जातो. उंची कमी करत गेल्यास तोच टप्पा चार-पाच लहान पायऱ्यांत ओलांडता येतो. एकोणिसाव्या आठवड्यात, ऑक्टोबरमधल्या एका सकाळी, जमिनीवरचा पहिला पूर्ण जोर निघाला. आता सहा निघतात. रिंगांवरचे जोर मी डिसेंबरात सुरू केले, तेही रिंगा कमरेच्या उंचीवर ठेवून.

याच व्यायामात पट्ट्याची एक मर्यादा लक्षात आली. आमचे छत साडेनऊ फुटांवर आहे. साडेचार मीटरचा पट्टा दुहेरी होऊन पूर्ण सोडला तरी हाताची पकड जमिनीपासून साधारण पावणेदोन फुटांवर राहते, त्याखाली ती येत नाही. नवशिक्याला वर्षभर याची अडचण नाही, परंतु ज्यांना पुढे जमिनीलगत रिंगांवर जोर काढायचे आहेत, किंवा ज्यांची कडी बंगल्यातल्या उंच छताला किंवा झाडाच्या फांदीला असेल, त्यांनी लांब पट्टे वेगळे मागून घ्यावेत. गंगापूर रस्त्यावरच्या मैत्रिणीच्या अंगणातल्या आंब्याला मी एकदा रिंगा टांगून पाहिल्या. पट्ट्याखाली जुने पोते घातले नसते तर फांदीची साल सोलली गेली असती.

ही खरेदी निर्दोष मुळीच नाही. माझ्या जोडीतल्या एका पट्ट्यावरचे आकडे दुसऱ्यापेक्षा दोन सेंमी पुढे सरकून छापलेले होते. त्यामुळे दोन्ही पट्टे एकाच आकड्यावर बांधूनही एक रिंग एक सेंमीने खाली राहत असे आणि उजव्या खांद्यावर अधिक ताण येत असे. हे मला दीड महिन्याने, पाण्याची समपातळी बाटली दोन रिंगांवर आडव्या ठेवलेल्या पट्टीवर धरल्यावर कळले. दुकानदारांनी विनातक्रार पट्टा बदलून दिला. पण उत्पादकाने पट्ट्यांच्या जोडीची साधी तपासणीही केलेली नसावी, याचा मला मनापासून राग आला, कारण ज्या आकड्यांवर नवशिक्याची सारी प्रगती मोजली जाते, तेच आकडे चुकीचे होते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. खोक्यातल्या पत्रकात केवळ इंग्रजी मजकूर आणि सहा चित्रे आहेत, आणि त्यांतले पहिलेच चित्र रिंगांच्या वर संपूर्ण शरीर उचलून घेण्याचे आहे. उभ्याने मागे झुकून ओढण्याचा व्यायाम, ज्याने प्रत्येकाने सुरुवात करायला हवी, तो त्यात नाहीच. बकलामधून पट्टा कोणत्या बाजूने घालायचा हेही अस्पष्ट आहे, आणि उलट घातलेला पट्टा भार येताच सुटतो. म्हणून प्रत्येक वेळी बांधल्यावर आधी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून जोरात हिसका द्यावा, आणि मगच भार टाकावा.

दुखापतीचा एक प्रसंगही लपवून ठेवणे योग्य नाही, जरी त्यात साधनाचा दोष नसला तरी. नवरात्राच्या सुटीत वेळ मोकळा मिळाला, हात हलके वाटत होते, म्हणून एकाच आठवड्यात मी टाच दोन खुणा पुढे नेली आणि आठवड्यातून तीनऐवजी पाच दिवस व्यायाम केला. दहाव्या दिवशी उजव्या कोपराची आतली बाजू दुखू लागली. कणकेचा गोळा दाबतानाही कळ येई. फिजिओथेरपिस्टनी तपासून सांगितले की स्नायू लवकर बळावतात, पण त्यांना हाडाशी जोडणारे कंडरे सावकाश तयार होतात, आणि माझा उत्साह त्या कंडऱ्यांच्या पुढे धावला होता. सुरुवातीच्या आठवड्यांत जाणवणारी ताकद मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागल्यामुळे येते, हेही त्यांनीच समजावले. ओढण्याचा भार निम्म्यावर आणून तीन आठवडे काढावे लागले. ढकलण्याचे जोर मात्र दुखत नसल्यामुळे चालू राहिले. तेव्हापासून आठवड्यातले तीनच दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती, आणि एका महिन्यात दोनपेक्षा अधिक खुणा पुढे जायचे नाही, हे पथ्य मी मोडलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही स्नायूंच्या व्यायामासाठी आठवड्यातून किमान दोन दिवसांची आहे, त्यामुळे तीन दिवस कमी पडतील, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

लोंबकळणे आणि हात टेकून तोलणे, हे दोन व्यायाम मी प्रत्येक दिवशी सुरुवातीला करते. लोंबकळताना रिंगा ३२ व्या आकड्यावर असतात आणि गुडघे दुमडलेले असतात. पहिल्या दिवशी नऊ सेकंद झाले होते, आता पंचेचाळीस होतात. तोलण्यासाठी रिंगा नितंबांच्या उंचीवर आणायच्या, हात सरळ करायचे, खांदे कानांपासून खाली दाबायचे आणि पायांचे अंगठे जमिनीला हलके टेकलेले ठेवायचे. हा व्यायाम दिसायला काहीच नाही, पण खांद्याच्या सांध्याभोवतीच्या ज्या लहान स्नायूंना एरवी कुणी विचारत नाही, त्यांना तो जागे करतो. पाच सेकंदांत माझे हात लटपटत असत. जोडीला आहारात फार काही बदलले नाही. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने, ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची शिफारस आहे, म्हणजे मला सुमारे पन्नास ग्रॅम लागतात. ती वरण, मटकीची उसळ, दही आणि आठवड्यातून चार वेळा अंडी यांतून मिळतात.

पूर्ण पुल-अप, म्हणजे लोंबकळत्या स्थितीतून केवळ हातांच्या बळावर हनुवटी रिंगांच्या वर नेणे, मला अजून एकदाही जमलेला नाही, आणि रिंगा घेणाऱ्यांनी आठ महिन्यांत तो जमेलच असे मानू नये. स्टुलावर उभे राहून हनुवटी रिंगांच्या वर ठेवायची आणि तिथून सावकाश खाली यायचे, हा उतरण्याचा सराव मी जानेवारीपासून करते. तीन सेकंदांवरून तो आठ सेकंदांवर गेला आहे. वर जाताना एका पायाच्या अंगठ्याने जमिनीचा आधार घेते, आणि तो आधार दर आठवड्याला थोडा कमी लागतो. दत्तू भोकनळ या चांदवड तालुक्यातल्या नौकानयनपटूने २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले, तेव्हा वल्हे ओढणारी ती पाठ पाहून मी केवळ कौतुक केले होते. आज त्यामागे किती लहान-लहान पायऱ्या असतील, याची मला थोडीशी कल्पना येते.

ज्यांचा खांदा पूर्वी निखळला आहे, ज्यांना मानेचा त्रास हातात उतरतो किंवा ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोंबकळू नये. बाकी कोणीही, साठीचे असोत वा पंधरा वर्षांचे, उभ्याने ओढण्यापासून सुरुवात करू शकतात, इतका भार त्यात कमी ठेवता येतो. घेताना दुकानातच दोन्ही पट्टे एकमेकांवर ठेवून आकडे जुळतात का ते पाहावे, बकलाचा खटका सोडल्यावर तो स्वतःहून मिटतो का ते पाहावे, आणि पट्ट्याची शिवण दुहेरी-तिहेरी आहे की नाही हे उजेडात धरून तपासावे. २,२५० रुपयांत मला जे मिळाले, ते पाहता ही किंमत मला अजिबात अधिक वाटत नाही. मात्र घरात टांगण्याची खात्रीशीर जागा नसेल, तर पाचशे रुपयांनाही ही जोडी घेऊ नये.

आईला आता मी एकटी उठवते, आणि माझे हात थरथरत नाहीत. डिसेंबरपासून तीही रिंगा वापरू लागली आहे. फिजिओथेरपिस्टना विचारून आम्ही तिची लाकडी खुर्ची झोपाळ्याच्या जागी ठेवतो, रिंगा ७२ व्या आकड्यावर तिच्या छातीसमोर आणतो आणि ती बसल्याजागी हलकेच मागे झुकून दहा वेळा स्वतःला पुढे ओढते. “अगं, आणखी एक आकडा खाली घे,” असे ती अलीकडे स्वतःच सांगते. तिच्यासाठी आणि माझ्यासाठी दिवसातून दोनदा पट्टा सोडून पुन्हा बांधावा लागत असल्यामुळे ७२ च्या आसपास बकलाच्या दात्यांनी विणकामाचे धागे थोडे उसवू लागले आहेत, म्हणून पावसाळ्याआधी पट्ट्यांची नवी जोडी मागवणार आहे, आणि या वेळी ती साडेपाच मीटरची असेल.